तांगोच्या काजूकाकू

संपादकबाईंचा फोन आला तेव्हा मी लाल भोपळ्याचे घारगे तळत होते. "अहो ताई, इतकी वर्षं जपानी दुभाषी म्हणून काम केलंत, मोठमोठ्या लोकांच्या बैठकीत बसलात, आमच्या दिवाळी अंकासाठी आतल्या गोष्टी लिहा ना!" मी म्हटलं, आतल्या गोष्टी बाहेर सांगितल्या असत्या तर मला इतकी वर्षं कोणी आत घेतलं असतं का? आमच्या धंद्यात ऐकायचं, बोलायचं आणि दार ओढून घेताना सगळं विसरायचं, असा रिवाज आहे. तरी त्या हटेनात. मग म्हटलं, ठीक आहे, कंपन्यांचं काही लिहिणार नाही. कोथरूडमधल्या एका घराचं लिहीन, आणि तेही घरमालकांना विचारून.

घरमालकांना विचारलं. त्यांनी हा मजकूर आधी वाचून दाखवायला सांगितला, वाळूबद्दलचं एक वाक्य चुकीचं आहे म्हणून दुरुस्त करवून घेतलं आणि आपलं नाव बदला म्हणाले. बदललं, तर ते नाव त्यांना आवडलेलं नाही. "काजू तेवढं मात्र खरं ठेवा," असं सांगून ठेवलंय.

त्याआधी धंदा काय असतो ते सांगते, कारण लोकांना दुभाषी आणि भाषांतरकार एकच वाटतात. भाषांतरकार घरी बसतो, त्याच्यापुढे शब्दकोश असतो, चहा असतो, खोडायची सोय असते. आम्हाला ह्यातलं काही नाही. समोरचा बोलला की लगेच बोलायचं, आणि तेही त्याच्या तोंडचं 'मी' आपल्या तोंडी घेऊन. 'साहेब असं म्हणतात की' असं म्हणायचं नाही. साहेब 'मी नाराज आहे' म्हणाले की आपणही 'मी नाराज आहे' असंच म्हणायचं. आपलं काही घालायचं नाही, त्यांचं काही गाळायचं नाही आणि अर्थ सांगत बसायचं नाही.

ह्या 'मी'पायी फार सोसलंय. चाकणच्या एका कारखान्यात जपानी साहेबांनी एका फोरमनला माझ्या तोंडून इतकं झापलं, की तो बिचारा नंतर वर्षभर माझ्याशी बोलला नाही. "पण मॅडम, म्हणालात तर तुम्हीच ना?" हे त्याचं उत्तर. खरंच होतं ते. आवाज माझाच होता.

दुसरी पंचाईत पुणेरी बोलण्याची. एका पाहुण्यांना बुधवार पेठेत पुस्तकांच्या दुकानात घेऊन गेले होते. त्यांनी बरीच पुस्तकं काढून चाळली. गल्ल्यावरचे काका म्हणाले, "वाचायचं असेल तर विकत घ्या, नुसतं बघायचं असेल तर पलीकडे बाग आहे." नियम म्हणजे नियम, मी जसंच्या तसं सांगितलं. पाहुण्यांनी कमरेतून वाकून काकांचे आभार मानले आणि बाग कुठल्या दिशेला आहे ते विचारलं. काका गल्ला सोडून उठले. मग स्वतः दुकानाबाहेर येऊन त्यांनी रस्ता दाखवला.

बसण्याचीही एक पद्धत असते. दोन माणसं समोरासमोर, आणि आम्ही एक पाऊल मागे, बाजूला. माणसं हमखास दुभाष्याकडे बघून बोलू लागतात. मग सांगावं लागतं, "माझ्याकडे नको, त्यांच्याकडे बघून बोला." हे वाक्य मी जितक्या वेळा बोलले असेन तितक्या वेळा स्वतःचं नावसुद्धा सांगितलेलं नाही.

मी काम बंद केलं होतं. आता फोनमध्येच भाषांतर होतं म्हणे, छान आहे. अशात एक दिवस एका गृहस्थांचा फोन आला.

"तुम्हाला जपानी येतं?"

"हो."

"बोलता येतं की नुसत्या परीक्षा दिल्यात?"

हा प्रश्न विचारणारा माणूस पुण्याचाच. मी म्हटलं, "काम काय आहे?"

मग ते म्हणाले, "मला माझ्या बायकोशी बोलायचंय."

हे मेश्रामसाहेब. खडकवासल्याला धरणांच्या आणि बंदरांच्या छोट्या प्रतिकृती बांधतात, त्यात पाणी सोडून लाटा कशा येतात, वाळू कुठे साचते ते बघतात, त्या कामात त्यांची सारी नोकरी झाली. तरुणपणी प्रशिक्षणासाठी जपानला पाठवलं, तर येताना बायको घेऊन आले. बायकोचं नाव काझुए. मेश्रामांच्या आईंना ते काही जमेना, त्यांनी पहिल्याच दिवशी काजू करून टाकलं. तेव्हापासून साऱ्या सोसायटीच्या त्या काजूकाकू.

पन्नास वर्षांत काकूंची मराठी अशी झाली होती, की भाजीवाल्याशी घासाघीस करताना आवाज ऐकून कोणी वळून बघायचं नाही, चेहरा बघून वळायचं. आणि मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. काही आठवड्यांनी वाचा थोडी थोडी परत आली, ती जपानीत. मराठीतला एकच शब्द उरला होता, 'अहो'. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी, एक भाषा आधी येते, दुसरी मागून येईल किंवा येणारही नाही.

"आणि तुम्हाला जपानी?" मी मेश्रामसाहेबांना विचारलं.

"चार शब्द येतात. त्यातले दोन बिअर मागायचे." मग खाली बघत म्हणाले, "तिची मराठी इतकी चांगली होती ना, मला कधी गरजच पडली नाही. सोय झाली हो माझी. पन्नास वर्षं नुसती सोय करून घेतली."

काकू खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. पायांवर जुन्या साड्यांची गोधडी. मी जपानीत नमस्कार करून नाव सांगितलं, तर त्यांचे डोळे भरून आले आणि त्या एकदम मोठ्या आवाजात बोलू लागल्या. मी दचकलेच. त्यांचे वडील विणकर, तांगो प्रांतातले. घरात रेशमाचे माग दिवसभर खडखडत असत, त्यावरून ओरडून बोलायची घरादाराला सवय. काकूंच्या जपानीला तो आवाज अजून चिकटलेला होता. मराठी बोलताना त्या अगदी हळू बोलायच्या म्हणे. मी शिकले ती तोक्योची पुस्तकी जपानी, ही समुद्रकाठची. पहिले काही दिवस मला "पुन्हा सांगता का?" असं सारखं विचारावं लागलं.

त्या म्हणाल्या, "मला ऐकू येतं. हे बोलतात ते सगळं ऐकू येतं. पण पाण्याखालून ऐकल्यासारखं येतं, शब्द हाताला लागत नाहीत."

मी नियमाप्रमाणे 'मी' घेऊनच मराठीत सांगितलं. मेश्रामसाहेब माझ्याकडे बघून मान हलवू लागले. म्हटलं, "माझ्याकडे नको, त्यांच्याकडे बघा." ते तिकडे वळले, उशी सारखी केली. शेवटी म्हणाले, "तिला विचारा, जेवण बरोबर असतं का."

"तुम्ही विचारा. मी बोलेन."

"जेवण बरोबर असतं का गं?"

काकूंनी ताबडतोब उत्तर दिलं आणि मी ते तसंच सांगितलं. "तुम्ही रोज वरणात मीठ घालायला विसरता."

मेश्रामसाहेब हसायला लागले आणि हसता हसता चष्मा काढून पुसायला लागले. माझी नेमणूक तिथेच पक्की झाली. आठवड्यातून दोनदा दुपारी जायचं ठरलं.

पुढे पुढे लक्षात आलं, की काकू आजच्याविषयी फारसं बोलत नाहीत. काही विचारलं, की गाडी तांगोवर. त्यांच्या वडिलांनी मागावर बसून ओरडून सांगितलेल्या गोष्टी त्या आम्हाला ओरडून सांगायच्या. जपानच्या पश्चिम किनाऱ्यावरचा हा जुना प्रांत. फार पूर्वी तांबा नावाच्या मोठ्या प्रांतातून तोडून वेगळा काढला, आपल्याकडे जिल्हा तोडून नवा करतात तसा. त्याच्याही आधी तिथे बलाढ्य सरदार होऊन गेले. समुद्राकडे तोंड करून त्यांची मातीची थडगी अजून उभी आहेत, टेकड्यांएवढी. त्यातल्या एका थडग्यात निळ्या काचेचं अख्खं कंकण सापडलं. एवढ्या वर्षांत मातीखाली फुटलं नाही. ती काच समुद्रापलीकडून, कुठून तरी दूरवरून आली असं जाणकार म्हणतात.

"दूरवरून म्हणजे तुळशीबागेतूनच गेली असणार," मेश्रामसाहेब म्हणाले.

मी तुळशीबाग काय ते न सांगता तेवढाच शब्द ठेवून जपानीत सांगितलं. काकू खुदकन हसल्या. तुळशीबाग त्यांना कळली होती. डाव्या हाताने त्यांनी उजव्या मनगटावरच्या हिरव्या बांगड्या वर सारल्या.

तिथल्या खाडीत समुद्राला छेदून जाणारी वाळूची एक लांब चिंचोळी पट्टी आहे, तिच्यावर पाइनची झाडं. काकू म्हणाल्या, "ती स्वर्गाची शिडी आहे. देव तिच्यावरून खालीवर ये-जा करायचा. एकदा देवाला झोप लागली आणि शिडी आडवी पडली."

"गाळ आहे तो," साहेब म्हणाले. "नद्यांनी आणलेली वाळू, आणि समुद्राच्या प्रवाहाने तिची घातलेली ओळ." (दुरुस्त करून घेतलेलं वाक्य ते हेच.)

"ह्यांना शिडी दाखवायला नेलं, तर ह्यांनी खिशातून पिशवी काढून वाळू भरून घेतली," काकू माझ्याकडे बघून म्हणाल्या.

असे भेटले होते दोघं. त्या तिथल्या बंदराच्या कचेरीत टायपिस्ट होत्या. सुट्टीच्या दिवशी पाहुण्याला टेकडीवर घेऊन गेल्या. तिथे अशी रीत आहे, की पाठमोरं उभं राहायचं, खाली वाकायचं आणि दोन पायांच्या मधून ती पट्टी बघायची. आकाश खाली येतं, समुद्र वर जातो आणि शिडी पुन्हा आभाळाला लागलेली दिसते. मेश्रामसाहेब वाकले आणि तसेच कोलांटले.

"हे पडले आणि मी हसले. तिथून सुरू झालं," काकू म्हणाल्या आणि मी माझ्या आवाजात हे वाक्य बोलले, तेव्हा साहेबांनी लाजून खिडकीबाहेर बघितलं. सत्तरी ओलांडलेल्या दोघांच्या मधे बसून मला संकोचल्यासारखं झालं, आणि फार बरंही वाटलं. करारमदार करणाऱ्या साहेबांच्या तोंडचं 'मी' कितीदा माझ्या तोंडी आलं असेल, असलं कधी आलं नव्हतं.

एकदा त्यांनी त्या किनाऱ्यावरच्या कोळ्याची गोष्ट सांगितली. समुद्राच्या राजकन्येबरोबर तो पाण्याखालच्या महालात गेला, थोडी वर्षं राहिला, घरची आठवण आली म्हणून परतला, तर गावात ओळखीचं कोणी उरलं नव्हतं. गोष्ट संपवून काकू बराच वेळ बाल्कनीकडे बघत बसल्या. दाराशी चपला घालताना मेश्रामसाहेबांनी मला हळूच विचारलं, "तिला गावाची आठवण येते का हो?"

"विचारा ना त्यांना."

त्यांनी विचारलं नाही.

मग भाचीचा फोन आला. मिहो तिचं नाव, काकूंच्या धाकट्या भावाची मुलगी. तांगोच्या किनाऱ्यावर एका वृद्धाश्रमात नर्स आहे. स्क्रीनवर तिने खोली दाखवली, खिडकीतून समुद्र दाखवला. म्हणाली, "आत्याला इथे आणा. सगळे तिच्यासारखं बोलणारे आहेत, मी रोज तिच्याजवळ असेन. तुम्हीही या, पण तुमची तब्येत..." साहेबांच्या हृदयावर दोनदा शस्त्रक्रिया झालेली, इतक्या लांबच्या प्रवासाला डॉक्टर परवानगी देत नव्हते. म्हणजे काकू जाणार त्या एकट्याच, आणि पुन्हा भेट होईलच असं कोणी सांगू शकत नव्हतं. बंगळूरला असलेल्या त्यांच्या मुलाचंही मत पडलं, "बाबा, आईला निदान बोलायला माणसं तरी मिळतील. घरात ती दिवसभर मुकी बसते."

मेश्रामसाहेबांनी मला खाली सोसायटीच्या बाकावर बसवून सांगितलं, "निर्णय तिचा. पण ताई, तुम्ही एकट्याने विचारा. मी समोर असलो तर ती माझ्याकडे बघून उत्तर देईल. माझं मन मोडायचं नाही म्हणून नको म्हणेल."

पण मी म्हटलं, "साहेब, हे नाही जमायचं. दोघं समोर असल्याशिवाय मी तोंड उघडत नाही. तुमच्या मागे त्यांच्याशी बोलले, तर उद्या त्यांच्या मागे तुमच्याशी बोलेन. मग माझ्या शब्दावर तुम्ही दोघांनीही विश्वास का ठेवावा?"

"कडक आहात हो."

"आहे."

ते वर आले. खाटेजवळ खुर्ची ओढून बसले, ह्या खेपेला न सांगता काकूंकडे बघून. "काजू, तुला तांगोला जायचंय का?"

मी ते जपानीत सांगितलं. काकू गोधडीवरून हात फिरवत राहिल्या. मग गोष्टच सांगायला लागल्या. डोंगरमाथ्यावरच्या झऱ्यावर आठ अप्सरा स्नानाला उतरल्या. काठावर त्यांची वस्त्रं ठेवलेली, पंखासारखी हलकी. जवळच्या एका म्हातारा-म्हातारीने त्यातलं एक वस्त्र लपवून ठेवलं. सात जणी उडून गेल्या, आठवी राहिली. वस्त्राशिवाय तिला आकाशात जाता येईना. म्हातारा म्हणाला, आमच्या घरी राहा, आमची मुलगी हो. ती राहिली. तिच्या हाताला गुण होता, ती तांदळाची अशी दारू गाळायची की एक पेला प्याला की दुखणं पळून जायचं. घर भरलं, गाव भरलं. ती मात्र आभाळाकडे बघून रडायची.

इथे काकूंचा आवाज खोल गेला. थकल्या होत्या, डोळे मिटायला लागले. डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं, थकल्या की थांबायचं. आम्ही थांबलो.

मेश्रामसाहेब जिन्यापर्यंत आले. चेहरा उतरलेला. "म्हणजे जायचंय तिला," ते म्हणाले.

"त्या जेवढं बोलल्या तेवढं मी सांगितलं, साहेब."

"पुढे काय होतं गोष्टीत?"

मला वाटत होतं मला माहीत आहे. जपानी शिकणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट कधी ना कधी भेटतेच. शेवटी अप्सरेला लपवलेलं वस्त्र सापडतं आणि ती उडून जाते, वळूनसुद्धा बघत नाही. पण काकूंची गोष्ट काकूंनीच संपवायची होती. मी म्हटलं, "पुढच्या वेळी त्या सांगतील." घरी जाताना वाटेत भाजी घ्यायची होती, ती विसरले.

पुढच्या वेळी गेले तर खोलीत डांबराच्या गोळ्यांचा वास. लोखंडी कपाट उघडं होतं आणि मेश्रामसाहेब एक मलमलचं गाठोडं मांडीवर घेऊन बसले होते.

"नेटवर वाचलं मी," ते म्हणाले. "शेवटी ती उडून जाते. सगळीकडे तेच लिहिलंय. तुम्हाला माहीत होतं ना?"

मी माझ्या नेहमीच्या जागी जाऊन बसले.

त्यांनी गाठोडं सोडलं. आत किमोनो होता. पारव्या रंगाचं रेशीम, बारीक सुरकुत्यांचं, तांगोत विणतात तसं. काकूंच्या वडिलांनी लेकीच्या लग्नासाठी स्वतः विणलेलं. तो नेसून त्या पुण्यात आल्या, तो नेसूनच रजिस्टरवर सही केली, मग सासूबाईंनी तो घडी करून कपाटात ठेवला. कपाटाची किल्ली पुढे साहेबांकडे आली.

त्यांनी तो काकूंच्या मांडीवर ठेवला आणि त्यांच्याकडे बघत बोलायला लागले. मला एकेक वाक्य उचलावं लागलं.

"मी हे लपवलं नव्हतं, काजू. पण काढूनही दिलं नाही कधी. तू मागितलं नाहीस आणि मी विचारलं नाही. तू इथली झालीस म्हणून मी खुशाल होतो. आता हे घे. तिकडे थंडी असते, नेसून जा. मिहोला मी इंग्रजीत कळवलंय, तिकीट बघायला सांगितलंय. माझी काळजी करू नको, वरणात मीठ घालेन मी."

हे सगळं मी 'मी' म्हणून जपानीत बोलले. इतक्या वर्षांत माझा आवाज कामावर कधी फुटला नव्हता, त्या दिवशी फुटला. मिठाच्या वाक्याला तर मला थांबावंच लागलं.

काकूंनी रेशमावरून हात फिरवला. बाही नाकाशी नेली, डांबराच्या वासाने तोंड वाकडं केलं. मग म्हणाल्या, "माझी गोष्ट पुरी झाली नव्हती."

आणि त्यांनी ती पुरी केली. मी ऐकलेली नव्हती अशी. घर श्रीमंत झाल्यावर त्या म्हातारा-म्हातारीने तिला सांगितलं, तू काही आमची पोटची नव्हेस, आता तुझी तू जा. आकाशात जाता येत नाही आणि माणसांत कोणी ओळखीचं नाही. ती रडत निघाली. एका गावात पोचली तेव्हा तिचं मन समुद्रासारखं खवळलेलं होतं. दुसऱ्या गावात एका झाडाला टेकून ती रडली. चालत चालत आणखी एका गावात आली आणि तिथे म्हणाली,

"इथे माझं मन निवलं."

मी मराठीत म्हटलं, माझ्या तोंडाने, "इथे माझं मन निवलं."

"ती तिथेच राहिली," काकू सांगत होत्या. "वस्त्र कुठे गेलं ते गोष्टीत येत नाही. कोणी विचारतही नाही. ती त्या गावची झाली, धान्याची देवी झाली. तिचं छोटं देऊळ आहे अजून. आमच्याकडे ही गोष्ट अशीच सांगतात. बाकीचे लोक भलतंच सांगतात."

मेश्रामसाहेब एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होते. "म्हणजे? जायचंय की नाही?"

अर्थ सांगायचा नाही, असा आमचा नियम. पण मला सांगावं लागलंच नाही, कारण काकू डाव्या हाताने खाटेखाली काहीतरी दाखवत होत्या. शिवणाची पिशवी. साहेबांनी ती काढून दिली. ही पिशवी साहेबांच्या आईंची. लग्नानंतर सासू-सुनेला एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता, तेव्हा त्या माउलीने हिला शेजारी बसवून जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवायला घेतल्या, आणि टाके घालता घालता मराठी शिकवली. लाल, निळा, सुई, दोरा, आणि ज्यांच्या साड्या त्या आत्या, मावशी, अशी. पायांवर होती ती गोधडी त्यातलीच, मधोमध आईंच्या धम्मदीक्षेच्या वेळच्या पांढऱ्या साडीचा तुकडा लावलेली.

काकूंनी पिशवीतून छोटी कात्री काढली, किमोनोची बाही उलटी केली, शिवण शोधली आणि तिच्याखाली कात्रीचं टोक घातलं.

"अगं, काय करतेस!" साहेब ओरडले. "बाबांनी विणलंय ते!"

पण मला आठवलं, मी हे जपानमध्ये बघितलं होतं. किमोनो सरळ पट्ट्यांचाच शिवलेला असतो, टाके उसवले की कापडाला काही न होता पुन्हा पट्ट्या मोकळ्या होतात. कापड फाडत नव्हत्या त्या, उसवत होत्या. गोधडीसाठी उसवत होत्या. पायांवरच्या गोधडीवर त्यांनी ती बाही अंथरून बघितली, पांढऱ्या तुकड्याच्या कडेला लावून, रंग कसा दिसतो ते डोकं कलतं करून बघितलं. मेश्रामसाहेबांनाही ते दिसलं. ते खुर्चीत बसले आणि लहान मुलासारखे रडायला लागले.

काकूंची सगळी मराठी पुढे परत आली असं नाही. अजूनही मी जाते. मिहो फोनवर पुष्कळ रडली, आणि मुलगा अजून म्हणतो की बाबांनी आईला नीट विचारलंच नाही. त्याचं चुकतं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. त्या खोलीच्या खिडकीतून समुद्र खरंच सुंदर दिसत होता.

पण त्या दुपारचं शेवटचं सांगायचं राहिलंय. एका हाताने शिवण उसवता येत नाही. रेशीम सुळसुळीत, कात्री लावली की कापड सरकायचं. काकूंनी दोनदा प्रयत्न केला, मग कापडाचं दुसरं टोक नवऱ्यापुढे केलं आणि म्हणाल्या, "अहो."

साहेबांनी डोळे पुसले आणि टोक धरलं. पण एकाच हाताने, कापड सैल पडत होतं. काकूंनी कात्री थांबवली, कपाळाला आठ्या घातल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "नीट धरा ना."

मेश्रामसाहेब सवयीने माझ्याकडे वळले. "काय म्हणाली?"

मी म्हटलं, "साहेब, त्या मराठीत बोलल्या."

ते माझ्याकडे बघतच राहिले. मग वळले आणि दोन्ही हातांनी कापड ताणून धरलं.